चौथी प्रत

"हीसुद्धा तसलीच निघाली," म्हणत त्याने रेकॉर्ड काउंटरवर ठेवली.

जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्या दुकानदाराने कपाळाला हात लावला. "कानसेन, ही तिसरी! या पिवळ्या कव्हराची मला आता स्वप्नं पडायला लागलीत. तक्रार तरी काय तुमची?"

"झांज नाही हिच्यात. दुसऱ्या बाजूला, पहिल्याच गाण्यात. बाकी सगळे गप्प होतात आणि ड्रमवाला एकटी झांज वाजवतो. तीच झिजलीय."

"तिन्हींत?"

"तिन्हींत. लोक बोथट सुईनं वाजवतात, हात मोडले पाहिजेत एकेकाचे."

"माझा प्लेअर दुरुस्तीला गेलाय, नाहीतर इथंच सोक्षमोक्ष लावला असता." दुकानदाराने वरच्या फळीवरून चौथी प्रत काढली. "ही कोरी. वरचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नाही. हिच्यात नसेल, तर सरळ त्या ड्रमवाल्याचं घर गाठा."

कानसेन हे नाव दुकानदारानेच ठेवलेलं, आणि ते चुकीचं नव्हतं. लाकडाच्या वखारीत हा माणूस तीस वर्षं मोठा आरा चालवत होता. ओंडक्यात खिळा रुतलेला असला की पातं नुसतं घासताच त्याला आवाजातला फरक कळायचा. हात वर, आरा बंद. मालक मुकादमाचं ऐकत नसे इतकं याचं ऐकायचा.

जॅझ त्याला वखारीतच सापडलं. कुणीतरी मोडीत दिलेल्या कपाटाच्या खणात अकरा रेकॉर्डी होत्या. पहिली ऐकली तेव्हा त्याला काही झेपलं नाही. सगळे एकदम बोलतायत, पण भांडत नाहीत, हे घरात कुठे बघायला मिळतं? तो ऐकत राहिला. पुढे विजेची गिटार घुसवलेलं फ्यूजन आलं, तेव्हा ही शुद्ध भेसळ आहे म्हणून त्याने वर्षभर नाक मुरडलं आणि मग भेसळीनेच कपाटाचे दोन खण भरले. प्रत्येक कव्हरात तो एक चिठ्ठी ठेवायचा: कुठली बाजू, कुठलं गाणं, काय ऐकायचं. याच दुकानातून पूर्वी घेतलेल्या पहिल्या प्रतीच्या पिवळ्या कव्हरातल्या चिठ्ठीवर त्याच्याच अक्षरात होतं, 'दुसरी बाजू, पहिलं गाणं. झांज एकटी. श्वास रोखून ऐकणे.'

घरी बायको शिवणयंत्रावर बसली होती. त्याने प्लास्टिक फाडलं, रेकॉर्ड लावली. ट्रंपेट थांबला, पियानो थांबला. तेवढ्यात बायकोचा दोरा संपला म्हणून यंत्रही थांबलं. खोलीत काहीच उरलं नाही.

"गेली," तो म्हणाला. "कोरी करकरीत, आणि हीपण गेली."

"काय गेलं?"

"झांज."

"अहो, वाजतेय की! तुमची नेहमीची भांडी." तिने अंगुस्तान घातलेलं बोट यंत्राच्या फळीवर आपटून दाखवलं. "हे असं. टिक्, टिटिक्, टिक्."

तो तिच्या बोटाकडे बघत राहिला. "आधीच्या तिन्हींत?"

"तिन्हींत वाजत होती. मला वाटलं, आवडते म्हणून सारखी लावताय."

तो खुर्चीत बसला. सोमवारी पातं खिळ्यावर गेलं होतं. सात दात उडाले आणि एक तुकडा ओंडका धरणाऱ्या जोडीदाराच्या मानेजवळून गेला. त्याने पात्याला शिव्या घातल्या होत्या. पातं चांगलं होतं. त्याला भीती वाटली आणि त्याहून जास्त लाज वाटली.

सकाळी तो मालकापुढे उभा राहिला. "मला आऱ्यावरून काढा."

"का? काय झालं?"

"कान गेले. बोलणं कळतं, बारीक आवाज निसटतो. खिळा ऐकू येत नाही."

मालकाने चष्मा काढला. "मला तर काही कळलं नव्हतं."

"मलाही नव्हतं. जोडीदाराची मान जायच्या आत कळलं, एवढंच. लाकूड मोजायला घ्या मला. त्याला डोळे पुरतात."

टेबलावरचा मोजपट्टा मालकाने स्वतः उचलून याच्या हातात दिला.

संध्याकाळी त्याने पुन्हा तीच रेकॉर्ड लावली. बायको हातातलं शिवण ठेवून शेजारी येऊन बसली. पियानो थांबला तशी तिने खुर्चीच्या हातावर, त्याच्या तळव्याला लागून, अंगुस्तानाने ठोके द्यायला सुरुवात केली. लाकडातून ते त्याच्या हातात येत होते. तो डोळे मिटून बसला होता.

"मधला एक राहिला," तो म्हणाला.

"तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

"नाही येत. पण राहिला."

"मग मागे घ्या," ती म्हणाली आणि सावरून बसली.

त्याने उठून सुई उचलली आणि नीट बघून पुन्हा सुरुवातीला ठेवली.