दोन वर्षांची ओळ

अर्जवाले – गल्लीत सगळे त्यांना याच नावाने ओळखत – नोकरीचे अर्ज आणि सोबत जोडायची माहितीपत्रकं मांडून छापून देत, आणि कागद हवाली करण्याआधी गिऱ्हाइकाला काउंटरपाशी उभं करून तो मोठ्याने वाचायला लावत. इतक्या वर्षांत त्यांना एक कळलं होतं, की वाचणारा जिथे अडखळतो तिथे कागदावर काहीतरी खोटं असतं. परवाच एक ड्रायव्हर ‘स्वभाव : शांत’पाशी थांबला, घसा खाकरला आणि म्हणाला, “एवढं गाळा, काका. बायकोच्या हाती लागलं तर चारचौघांत वाचून दाखवेल.” अर्जवाल्यांनी हसत हसत ती ओळ काढली आणि खालच्या ओळी बेताने वर सरकवल्या, म्हणजे मधे भगदाड दिसू नये.

खोटी ओळ त्यांनी जाणूनबुजून एकदाच लिहिली, तीही पोटच्या मुलीसाठी.

मुलगी दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. घरात दोघंच. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून त्यांनी तिला भरवलं, तिची वेणी घातली, पावलापावलाने पुन्हा चालायला शिकवलं. ती बरी झाली, पण कागदावरची ती दोन रिकामी वर्षं काही बरी होईनात. दोन मुलाखतींत समोरच्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं, तिने खरं ते सांगितलं आणि त्याने हळहळत फाइल मिटली. दुसऱ्या खेपेला ती घरी आली ती त्याच पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली, दोन दिवस उठली नाही. आणखी एक नकार आला तर ही पोर हातची जाईल, हे अर्जवाल्यांना कोणी सांगायला नको होतं. तिसऱ्या अर्जासाठी त्यांनी ठेवणीतला जाड, किंचित पिवळसर कागद काढला आणि त्या रिकाम्या जागी लिहिलं : ‘सहायक, नोंद विभाग, दोन वर्षे.’ पुढे दूरच्या एका शहरातल्या कार्यालयाचं मनानेच रचलेलं नाव.

“कोणी खोलात शिरलंच तर सांग, ते कार्यालय बंद पडलं,” ते म्हणाले. “हं, वाच आता.”

शाळा, कॉलेज, टंकलेखन. ती वाचत गेली. त्या ओळीवरून तिचा आवाज पाण्यासारखा सरळ गेला. अडखळली ती अगदी शेवटी, घरच्या पत्त्यापाशी.

“काय गं?”

“काही नाही,” ती म्हणाली, आणि पत्ता पुन्हा वाचला. एकेका शब्दाखाली बोट ठेवून.

नोकरी लागली. त्या संध्याकाळी जेवताना ती उत्साहाने सांगत होती, “सगळं नोंद विभागाबद्दलच विचारलं, बाबा. मी म्हटलं, जिना अरुंद, रजिस्टरं लाल कापडात बांधलेली, आणि आमच्या बाई दुपारी टेबलावर डोकं टेकून चक्क घोरायच्या.”

“शाब्बास. थापा मारण्यात बापाच्या वरताण निघालीस.”

ती हसली नाही. “थापा कसल्या? घोरायच्याच त्या.”

अर्जवाल्यांनी ते हसण्यावारी नेलं. मुलगी नऊच्या ठोक्याला घराबाहेर पडत होती, एका दमात जिना चढून येत होती, गालांवर रंग दिसत होता. बापाला आणखी काय हवं असतं? पण पंधरवड्यानंतर स्वयंपाकघरातून तिने सहज विचारलं, “कपाटातल्या त्या औषधाच्या बाटल्या कोणाच्या होत्या हो? मुदत उलटून गेलेल्या. मी टाकून दिल्या.” ते उठून दारात आले आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. थट्टेचा मागमूसही नव्हता.

रविवारी सकाळी त्यांनी तेच माहितीपत्रक नव्याने छापलं, ती ओळ काढून, तिची जागा तशीच कोरी ठेवून, आणि मुलीला दुकानात बोलावलं.

“एकदा वाच बरं.”

तिने वाचलं. कोऱ्या जागेपाशी ती थांबली नाही. “सहायक, नोंद विभाग, दोन वर्षे,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे पांढऱ्या कागदावरून डावीकडून उजवीकडे सावकाश सरकले.

अर्जवाल्यांनी कागद तिच्या हातातून काढून घेतला. “बाळा, तिथे तू कधी नव्हतीस. इथे होतीस, घरात. मी रोज तुझ्या उशाशी…”

तिने मान खाली घातली. मग हलक्या आवाजात म्हणाली, “दोन वर्षांत तुम्ही मला एकदाही भेटायला आला नाहीत. मी तो विषय कधी काढला नाही, बाबा. पण निदान असं तरी बोलू नका.”

तिचे डोळे भरून आले होते, आणि ते पाणी खरं होतं. ते पाहवेना तेव्हा अर्जवाले म्हणाले, “आलो होतो गं. एकदा. रस्त्यापलीकडे उभा होतो. वर यायचा धीर झाला नाही.”

तिचा चेहरा निवळला. तिने पदराने डोळे टिपले आणि त्यांचा हात हातात घेतला.

“माहीत आहे मला. वरच्या खिडकीतून पाहिलं होतं मी तुम्हाला,” ती म्हणाली. “पण बाबा, तुमच्या खांद्यावर डोकं टेकून ती आजारी मुलगी उभी होती, ती कोण?”