दगडाबाईच्या टोळीचा झेंडा

"झेंडा-बिंडा नका लावू, बाईसाहेब," सटवाजी मुकादम म्हणाले होते. "मजुरीपायी राबणारं माणूस दमलं की बसतंय. मानापायी राबणारं बसत न्हाई."

कमलने ते हसण्यावारी नेलं आणि त्याच दुपारी जुन्या साडीचा पदर टरकावून झेंडा शिवला.

आज सातवा दिवस. मजूर बायांच्या मुलांसाठीच्या पाळणाघराच्या दारात, आपलं बाळ कडेवर घेऊन, ती धरणाच्या भरावाकडे टाचा उंचावून बघत होती. पूर्णेच्या काठी नुसती धांदल उडाली होती. ओव्हरसियरची ही बायको कॉलेजात मानसशास्त्र शिकलेली. माणसाला नुसत्या पैशाने हुरूप येत नाही. कुणीतरी आपल्याकडे बघतंय, एवढं कळलं तरी तो जीव ओतून काम करतो, असं तिच्या पुस्तकात होतं. म्हणून झरी आणि चारठाणा या दोन गावांच्या टोळ्यांपैकी जी दिवसात जास्त माती टाकेल, तिच्या खोपटावर झेंडा. आणि आज आठवड्याचा निकाल.

"ए चारठाणेकरनी, माती टाकायलीस का हळदीकुंकू वाटायलीस?" झरीच्या टोळीची दगडाबाई वरून ओरडली.

"तुमच्या पाट्या रिकाम्या हायत गं, म्हणून पळायलाव!" चारठाण्याच्या टोळीतली दैवशाला खालून ओरडली.

बायका हसत होत्या आणि हसता हसता धावत होत्या. सटवाजीही खेपा मोजताना अर्धवट पळतच होते. कमलने वहीत घाईघाईने लिहिलं : काम जवळजवळ दीडपट. मुलांचं रडणं, चौथ्या दिवसापासून नाही. आया आनंदात असल्या की मुलंही शांत राहतात, अशी ओळही तिने खाली जोडली.

शिट्टी झाली. झरीची टोळी सात खेपांनी पुढे. हलगी कडाडली. दगडाबाई मातीने माखलेली, झेंडा खांद्यावर टाकून थेट पाळणाघराशी आली.

"जिंकलो, बाई!"

"बघत होते मी. पण दुपारी पाजायला कुणीच आलं नाही?"

"कवा येणार? तेवढ्यात दोन खेपा झाल्या की."

"तरी एकही मूल रडलं नाही बघा. किती गुणी झालीत."

दगडाबाईला हसू आलं. "रडत्याल कशी? सकाळीच अफू चाटवलेली. आदी मोहरीच्या दाण्याएवढी देत व्हतो. हे झेंड्याचं सुरू झालं तसं थोडी वाढवली. आज निकालाचा दिवस, सगळ्याजणींनी जरा जास्तच घातली."

कमलने आपलं बाळ तिच्या हातात दिलं. "मुकादम, दवाखान्याची जीप घेऊन या. पळा," एवढंच बाहेर ओरडून ती आत वळली.

पहिला पाळणा. तिने नाकाशी बोट धरलं. ऊब लागली. दुसरा दगडाबाईच्या लेकाचा. गालावर चापट मारली तेव्हा तो कण्हला. तिसरा. चौथ्याला तिने उचलून घेतलं, पाठ चोळली, पुन्हा चोळली. बाहेर हलगी चालूच होती. दगडाबाई दारात उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं.

अजून दहा पाळणे राहिलेत आणि कमलचे हात दोनच. तुम्ही हे वाचता आहात, तर या ना आत. भिंतीकडच्या शेवटच्या झोळीत दैवशालाची मुलगी आहे, दीड महिन्याची. तिला तेवढं हलवून बघा.