मगात सफरचंदाचा रस होता

रफिक परकार दुबईतल्या एका मोठ्या हॉटेलात एकोणीस वर्षं नोकरीला होता. त्यातली सोळा बँक्वेटमध्ये गेली. लग्नं, कंपन्यांच्या कॉन्फरन्स, रमजानमध्ये इफ्तारचे तंबू. मग हॉटेलने बँक्वेटची माणसं निम्मी केली आणि एचआरच्या बाईंनी त्याला दोन पर्याय दिले: टेरेसवरच्या जर्मन बिअर गार्डनमध्ये वेटरांचा कॅप्टन व्हायचं, नाहीतर महिनाभरात व्हिसा कॅन्सल. मुलीचं, इन्शाचं, कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. रफिकने सही केली. अजमानच्या घरी त्याने बायकोला, हलिमाला, एवढंच सांगितलं की सेक्शन बदललाय.

त्याने स्वतः कधी दारूचा थेंब तोंडाला लावला नव्हता. शिफ्ट संपली की कोपरापर्यंत हात धुवायचा, लॉकरमधला वेगळा शर्ट घालायचा आणि अजमानची बस धरायचा. तीन वर्षं असंच चाललं होतं.

यंदा सप्टेंबरमध्ये मार्केटिंगचा तन्मय गार्डनमध्ये आला. पुण्याचा होता, तिशीतला, बोलायला मोकळा.

"रफिकभाई, ऑक्टोबरफेस्टची एक रील करायची आहे. 'खरं की खोटं'. तुमच्याइतकी माहिती कोणालाच नाही."

हे खरंच होतं. जर्मन गिऱ्हाइकांना विचारून विचारून रफिकने सगळं पाठ केलं होतं. लोकांनी विचारलं की सांगायला काहीतरी असावं, म्हणून. तो नको म्हणाला. तेव्हा तन्मयने मॅनेजरला मध्ये घातलं, आणि मॅनेजरने 'प्लीज' असं म्हटलं की तो हुकूमच होता.

शूटिंग भर दुपारी झालं. रफिकला चामड्याची अर्धी विजार आणि पिसाची हिरवी टोपी घातली. दोन्ही हातांत मिळून दहा मग दिले, एकेक लिटरचे. जाहिरातीत खरी बिअर दाखवायला परवानगी नव्हती, म्हणून मगात सफरचंदाचा रस होता आणि वर फेटलेल्या अंड्याचा फेस.

कॅमेऱ्यात बघून तो हिंदी-इंग्रजीत बोलला. ऑक्टोबरफेस्ट ऑक्टोबरमध्ये सुरू होतो, हे खोटं. सुरू होतो सप्टेंबरमध्येच. ही अर्धी विजार अख्ख्या जर्मनीचा पोशाख, हेही खोटं. ती तिकडच्या दक्षिणेची, बव्हेरियाची. मुलाबाळांना तिथे नेत नाहीत, खोटं. पाळणे असतात, कुटुंबंच्या कुटुंबं जातात. आणि हा उत्सव बिअर पिण्यासाठी सुरू झाला, हे सगळ्यात मोठं खोटं. अठराशे दहा साली तिथल्या राजपुत्राचं लग्न झालं. त्या लग्नाच्या आनंदात शहराबाहेरच्या माळावर घोड्यांची शर्यत लावली. ती लोकांना इतकी आवडली की पुढच्या वर्षीही पुन्हा लावली.

"मतलब, शादी का जश्न है," रफिक शेवटी म्हणाला आणि हसला. तन्मयला ते हसू फार आवडलं.

चार दिवसांत रील चार लाख लोकांनी पाहिली. पाचव्या दिवशी ती दापोलीजवळच्या त्यांच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली.

डिसेंबरमध्ये इन्शाचा निकाह ठरला होता. मुलगा झैद, जबल अलीत एका गोदामात सुपरवायझर. त्याचे वडील अक्रम चौगुले शारजात मसाल्यांचा व्यापार करत, गावच्या जमातीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांचा फोन आला. आवाज शांत होता.

"रफिकभाई, शुक्रवारी जुम्म्यानंतर येतो आम्ही. थोडं बोलायचंय."

हलिमाने रील तोपर्यंत तीनदा पाहिली होती. फोन टेबलावर उलटा ठेवून तिने विचारलं, "किती वर्षं?"

"तीन."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय केलं असतंस?"

आतल्या खोलीच्या दारात इन्शा उभी होती. "अब्बा, इट्स जस्ट अ जॉब," ती म्हणाली. कोणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तन्मयला कळलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. "सॉरी, रफिकभाई. माझ्या लक्षातच आलं नाही. पण मगात रसच होता ना? तसं सांगा त्यांना. शूटिंगच्या आधीचा व्हिडिओ देतो, त्यात कार्टन दिसतात. तुम्ही खोटं थोडंच बोलणार आहात."

रफिकने व्हिडिओ घेतला. बसमध्ये तो कितीदा तरी पाहिला. त्यात एक शब्द खोटा नव्हता, आणि तो दाखवला की तीन वर्षं झाकली जाणार होती. गुरुवारी रात्री त्याला झोप आली नाही. पहाटेच्या नमाजनंतर तो तसाच बसून राहिला आणि त्याचं ठरलं. अक्रमभाईंना सगळं सांगायचं. मग लग्न राहो नाहीतर मोडो, बसून श्वास तरी घेता येईल.

शुक्रवारी दोन वाजता ते आले, अक्रमभाई आणि झैद. हलिमाने सरबत दिलं. अक्रमभाईंनी ग्लास हातात धरला, पण प्याले नाहीत.

"रफिकभाई, तो व्हिडिओ..."

रफिकने तोंड उघडलं. पण हलिमा आधी बोलली.

"सफरचंदाचा रस होता, भाईजान. जाहिरातीसाठी. हे बघा." तिने रफिकच्याच फोनवर तो व्हिडिओ लावून पुढे केला. तिने तो कधी शोधला होता, रफिकला कळलंच नाही.

अक्रमभाईंनी चष्मा वर सारून शेवटपर्यंत पाहिलं. कार्टन, त्यावरची सफरचंदं, मगात ओतणारा तन्मय. त्यांचे खांदे खाली आले.

"अल्लाचं शुक्र. मी घरात सांगतच होतो, रफिकभाई तसे नाहीत." त्यांनी सरबत एका दमात संपवलं.

रफिक म्हणाला, "अक्रमभाई, मला थोडं बोलायचंय."

तेवढ्यात झैद उठला. "अंकल, सिगरेट ओढायला खाली जातोय. लिफ्टचं कार्ड तुमच्याकडे आहे ना? जरा येता?"

लिफ्टचं दार बंद झालं तसा झैद हळू आवाजात म्हणाला, "अंकल, सांगू नका."

"काय सांगू नको?"

"तुमच्या हॉटेलात येणारे बिअरचे बॅरल आमच्याच गोदामातून येतात. रोज स्कॅन करतो मी, सही करतो. तुमच्या हॉटेलचं नाव आणि माल घेतल्याची तुमची सही दोन वर्षं कागदावर बघतोय. रील यायच्या आधीपासून मला माहीत आहे तुम्ही कुठल्या सेक्शनला आहात."

रफिक भिंतीला टेकला. "तुझ्या अब्बांना?"

"त्यांना वाटतं, एसीचे पार्ट्स येतात आमच्याकडे. तुम्ही आज सांगितलंत की ते उद्या मलाच विचारतील, तुझ्या गोदामात काय येतं. त्यांच्यासमोर मला खोटं बोलता येत नाही. विचारत नाहीत, म्हणून चाललंय."

"इन्शाला?"

"तिला पहिल्याच भेटीत सांगितलं. ती म्हणाली, दॅट मेक्स टू ऑफ यू, अब्बा आणि तू."

लिफ्ट तळमजल्यावर आली, दार उघडलं. झैद बाहेर पडला नाही. खिशातून त्याने सिगरेट काढलीच नाही. दार पुन्हा बंद झालं. दोघं तिथेच उभे राहिले, तो चौकोनी लोखंडी डबा हलेना. पहाटेपासून छातीत धरलेली गोष्ट रफिकला आता जड वाटू लागली. ती त्याच्या एकट्याची राहिली नव्हती. बोलला तर पोराचं तोंड काळं, नाही बोलला तर स्वतःचं.

"दुसरी नोकरी बघतोस?" त्याने विचारलं.

"दीड वर्ष बघतोय. तुम्ही?"

"तीन."

झैदने सातव्या मजल्याचं बटण दाबलं.

वर अक्रमभाई हलिमाशी हॉलच्या तारखा बोलत होते. रफिक आला तसे ते म्हणाले, "हां, काय सांगत होतात?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. झैद मात्र चपलांकडे.

"काही नाही," रफिक म्हणाला. "जेवून जा, एवढंच म्हणत होतो."

जेवणं झाली. निघताना अक्रमभाईंनी त्याला मिठी मारली. घट्ट, दोन वेळा. "तो दुसरा व्हिडिओ मला पाठवा. गावच्या ग्रुपवर टाकतो. लोकांची तोंडं बंद व्हायला हवीत."

"राहू द्या, अक्रमभाई. खलास, मिटलं ना."

"कसं मिटलं? तुमची इज्जत ती आमची." त्यांनी हात पुढे केला. रफिकने व्हिडिओ पाठवला.

चार वाजता तो दुबईच्या बसमध्ये बसला. रात्री गार्डनमध्ये पहिल्या आठवड्याची सगळ्यात मोठी गर्दी होती, साडेतीनशे माणसांचं बुकिंग. शारजाच्या पुढे रस्ता तुंबला आणि बस एका ठिकाणी उभी राहिली. मांडीवरचा फोन थरथरत होता. गावच्या ग्रुपवर एकामागून एक निरोप येत होते. माशाल्ला. अशी माणसं आता राहिली कुठे. रफिकभाईंकडून पोरांनी शिकावं. मशिदीच्या मौलवींनी लिहिलं होतं की डिसेंबरमध्ये गावी आलात की जुम्म्याला तरुण मुलांसमोर दोन शब्द बोला, परदेशात राहून इमान कसं सांभाळावं त्यावर.

खाली अक्रमभाईंचं उत्तरही आलं होतं. 'जरूर बोलतील. माझी जबाबदारी.'

रफिकने खिडकी उघडायला हात नेला. एसी बसच्या काचा बंदच असतात. त्याने हात परत घेतला आणि टाइप केलं, 'इन्शाल्ला.'