मंगरूच्या बाज्याचा आवाज बंद

दात गेले तसा मंगरूचा मान गेला. दात सगळ्यांचेच जातात, पण क्लारनेट वाजवणाऱ्याचे गेले म्हणजे कुंभाराचे हात गेल्यासारखं. एकोडीच्या बँडपार्टीत त्यानं चाळीस वर्षं क्लारनेट फुंकलं. साकोली, लाखनी, पार अर्जुनीपर्यंत त्याला बोलावणं यायचं. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तरी तिकडच्या लग्नांनी मंगरूला सोडलं नव्हतं.

साठी उलटली आणि समोरचे दात एकेक करून पडले. साकोलीच्या डॉक्टरनं कवळी बसवून दिली. कवळीनं सुपारी फुटू लागली, चेहराही भरल्यासारखा दिसू लागला, पण क्लारनेट ओठात धरलं की कवळी हलायची आणि सूर फाटायचा. तेवढ्यात करोना आला. दोन वर्षं लग्नं गुपचूप उरकली गेली आणि अकरा माणसांची पार्टी पांगली. करोना सरला तेव्हा गावात टेकचंदची धुमाल पार्टी उभी होती. गाडीवर चार भोंगे, एक कीबोर्ड आणि सहा ढोल. ती गाडी रस्त्यानं गेली की घरातली भांडी मांडणीवरून उतरायची.

टेकचंद तोंडाचा फटकळ. पानठेल्यावर मंगरू दिसला की म्हणायचा, "काकाजी, काल तुमच्या बाज्यातून बकरी वरडत होती म्हणे. पिलू झालं का मंग?"

लोक हसायचे. मंगरूही हसायचा. पण घरी आला की खाटेवर बसून विचार करायचा, आपलं वाजवणं खरंच इतकं बिघडलं का? स्वतःच्या कानावर त्याचा भरवसा उरला नव्हता. चाळीस वर्षं ढोलाच्या बाजूला उभं राहून कान जड झाले होते. बायकोला विचारावं तर शकुंतलाबाई म्हणायची, "चांगलंच वाजवता जी तुमी." ती कडू कारल्यालाही चांगलंच म्हणायची.

त्या उन्हाळ्यात नातीचं, टीनाचं लग्न ठरलं. नवरदेव मोहाडीकडच्या करडीचा. मंगरूच्या मुलानं, सचिननं, वरातीची सुपारी टेकचंदच्या धुमालला दिली.  मंगरू फक्त एवढंच म्हणाला, "वरात त्याची. पण पोरीची बिदाई मी वाजवतो."

सचिन खाली पाहत म्हणाला, "कायले बाबा? तुमी नवरीचे आबाजी. पांढरा सदरा घाला, खुर्चीवर बसा. करडीची माणसं येतीन, बकरी-बिकरी म्हणून हासतीन. मले ते पाहवणार नाही."

पोराच्या मनात खोट नव्हती. तेच मंगरूला जास्त लागलं. गावभर पोरींच्या बिदाया त्यानं वाजवल्या, बापांना रडवलं, आणि घरच्या पोरीच्या बिदाईला त्यानं खुर्चीवर बसायचं.

टीना मात्र आज्याच्या बाजूची. ती साकोलीच्या कॉलेजात शिकलेली, फोन सदा हातात. एके सकाळी मंगरू अंगणात मोहाच्या झाडाखाली बसला होता. नुकताच उठलेला, कवळी अजून वाटीतल्या पाण्यात. त्यानं सहज क्लारनेट काढलं आणि बिदाईचं ते जुनं सिनेमातलं गाणं वाजवलं, अख्खं, अंतऱ्यासकट. टीनानं दारातूनच त्याचा व्हिडिओ काढला, खाली 'माझे आबाजी' एवढंच लिहिलं आणि इंटरनेटवरच्या आपल्या पानावर टाकून दिला. करडीकडच्यांनी पाहावा, हा तिचा डाव.

चहा होईस्तोवर व्हिडिओचा आवाज गेला. चित्र हलत होतं, मंगरूचे गाल फुगत होते, बोटं पळत होती, पण फोन मुका. खाली कसली तरी नोटीस आली होती.

सचिननं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "घ्या! आता फोननंही तोंड बंद केलं बाबाचं. दुसऱ्याच्या मालकीचं गाणं चोरलं म्हणून राहिला तो."

"चोरलं?" मंगरूचा चेहरा उतरला.

हा शब्द त्याला नको तिथे जाऊन बसला. हे गाणं तो शिकला होता लाखनीच्या जत्रेत, टुरिंग टॉकीजच्या तंबूबाहेर उभं राहून. तंबूत जायची ऐपत नव्हती. चार दिवस रोज संध्याकाळी कनातीला कान लावून त्यानं ते गाणं उचललं, बांधावर बसून घोटलं, आणि पाचव्या दिवशी वाजवून दाखवलं. म्हणजे बिनतिकिटाचंच ऐकलेलं. पन्नास वर्षांनी ते कोणी पकडलं, असं क्षणभर त्याला खरोखर वाटलं.

"दे इकडे," तो म्हणाला. "मी वाचतो."

मंगरूला अक्षर-ओळख पंचेचाळिसाव्या वर्षी झाली होती, प्रौढांच्या वर्गात, कंदिलाशी बसून. तेव्हापासून तो कोणतीही गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकली तरी एकदा स्वतः वाचायचा. त्यानं चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक शब्द जुळवला. तुमच्या. व्हिडिओमधील. आवाज. बंद. पुढे गाण्याचं नाव होतं. त्याच्या पुढे सिनेमाचं नाव. मग मुंबईच्या कोण्या कंपनीचं. हे संगीत त्यांच्या मालकीचं आहे, असं लिहिलं होतं.

तो गाण्याच्या नावावर थांबला. बोट तिथून हलेना.

"टीना, गाण्याचं नाव तू लिवलं होतं का?"

"नाही आबाजी. 'माझे आबाजी' एवढंच लिवलं."

"शब्द तर कोणी म्हटला नाही. मी नुसतं फुंकलं."

"हव."

"मंग याले समजलं कसं हे कोणतं गाणं आहे?"

टीना सांगू लागली की मशीन असते, तिच्याजवळ सगळ्या गाण्यांची चाल भरून ठेवलेली असते, व्हिडिओ टाकला की ती चाल जुळवून पाहते आणि जुळली की... बोलता बोलता तीच थांबली. मग खुदकन हसली.

मंगरू उठून उभा राहिला. "म्हणजे माझी चाल जुळली."

"जुळली आबाजी!"

"बकरीची जुळली असती का?"

"बाबा," सचिन म्हणाला, "मशीन काही परीक्षा घेत नाही. ते सगळ्यांचंच बंद करते."

"सगळ्यांचं करते का, ते पाहू ना," मंगरू म्हणाला, आणि क्लारनेट गमछ्यात गुंडाळून पानठेल्याकडे निघाला. जायच्या आधी शकुंतलाबाईनं वाटीतून कवळी काढून त्याच्या हातात दिली. "चार लोकांत जाता, तोंड भरून जा."

ठेल्याजवळ फोनला रेंज चांगली, म्हणून अर्धं गाव तिथेच बसलेलं असायचं. टेकचंदही होता, आपल्या गाडीच्या पायरीवर. मंगरूनं नोटीस दाखवली. टेकचंद म्हणाला, "काकाजी, चोरी पकडली गेली तर माणूस तोंड लपवते. तुमी मिरवून राहिले!"

"तू वाजव ना हेच गाणं," मंगरू म्हणाला. "तुझंही पकडते का पाहू."

टेकचंदला कोणी आव्हान दिलं की राहवत नसे. त्यानं कीबोर्डवाल्याला बसवलं, दोन ढोलवाले उभे केले आणि गाणं वाजवलं. काय वाजवलं! ठेल्याच्या बरण्या थरथरल्या. टीनानं व्हिडिओ काढला, पानावर टाकला. सगळ्यांनी चहा घेतला. चहा संपला, फोन पाहिला, आवाज चालूच. नोटीस नाही, काही नाही.

"पाहा!" टेकचंद ओरडला. "माझं चालू आहे. मशीनले माझं पसंद पडलं!"

"नाही टेकचंदभाऊ," टीना म्हणाली, "मशीनले तुमचं गाणं कोणतं तेच समजलं नाही."

ठेल्यावर असा हशा पिकला की पानवाल्याच्या हातातला चुना सांडला. टेकचंदचे कान लाल झाले. "बुढ्याचं लाव आता! आत्ता, माझ्या समोर!"

मंगरूनं क्लारनेट जोडलं, तोंडाशी बसणारी वेताची पत्ती ओली केली आणि वाजवलं. टीनानं टाकलं. दुसरा चहा झाला. बाकावरची माणसं फोनवर वाकली.

आवाज चालूच होता.

"चालू आहे," पानवाला हळूच म्हणाला.

"दोघंही सारखेच फेल!" टेकचंदनं टाळी वाजवली. "सकाळी मशीननं झोपेत पकडलं असन काकाजी!"

पुन्हा हशा झाला. सचिन मागे सायकल धरून उभा होता. तो पुढे आला आणि मंगरूच्या दंडाला धरून खालच्या आवाजात म्हणाला, "चला बाबा. पुरे झालं."

मंगरू हलला नाही. त्याला हसणं ऐकूच आलं नव्हतं. जिभेनं तो कवळी चाचपत होता. आत्ता वाजवताना तिसऱ्या ओळीवर ती सरकली होती आणि सूर निसटला होता; ते त्याला ओठांनी सांगितलं होतं, कानांनी नाही. सकाळी मात्र काहीच सरकलं नव्हतं. सकाळी ती वाटीत होती.

त्यानं चार लोकांसमोर कवळी काढली, पुसली आणि सचिनच्या हातावर ठेवली. "धर."

"बाबा, इथे..."

"धर म्हटलं ना."

मंगरूचं तोंड एकदम बसलं, गालांत खड्डे पडले, वयानं दहा वर्षं वाढल्यासारखा दिसू लागला. कोणी तरी हसलं. त्यानं वरचा ओठ हिरडीवर आत घेतला, खालचा आत घेतला, आणि दोन्ही ओठांच्या गादीत क्लारनेट धरलं. दात नसले तर पत्तीला चावायला कोणी नाही. ओठ नुसते तिला सांभाळून धरतात. दात होते तेव्हाही त्याला इतका मऊ सूर लागला नव्हता. पहिलीच ओळ निघाली आणि ठेल्यावरचा हसणारा पुढे सरकून ऐकू लागला. अंतऱ्याला पानवाल्यानं पान तसंच उघडं हातात धरलं होतं.

टीनानं व्हिडिओ टाकला. या खेपेला चहा कोणी मागितला नाही. सगळे फोनभोवती उभे.

"गेला का?"

"थांब ना बे."

"गेला का?"

"गेला!" टीना किंचाळली. "आवाज बंद! नोटीस आली!"

"बंद! बंद झालं!" अख्खा ठेला ओरडला, जशी काही गावची कबड्डीची पार्टी जिल्हा जिंकून आली. पानवाल्यानं मंगरूच्या गळ्यात हात टाकला. आवाज बंद झाला म्हणून इतका गलका एकोडीत कधी झाला नसेल.

टेकचंद मात्र सहजी सोडणारा नव्हता. "हे एकच गाणं मशीनले पाठ असन. दुसरं वाजवा. मी सांगतो ते."

त्यानं मुद्दाम अवघड सांगितलं, ज्याच्या अंतऱ्यात सूर खालून एकदम वर उडी मारतो. मंगरूनं ते वाजवून वीस वर्षं झाली होती. त्यानं डोळे मिटले, बोटांनी छिद्रं एकदा चाचपली आणि उडी मारली. वर जाऊन सूर थरथरला नाही. व्हिडिओ गेला. नोटीस आली. नोटिशीत त्याच गाण्याचं नाव होतं. पानवाल्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, कोतवालानं दवंडी द्यावी तसं.

"अजून एक!" लोक ओरडले.

"नको जी!" टीना फोन छातीशी धरून म्हणाली. "आबाजी, तुमी असंच वाजवलं तर माझं खातंच बंद करतीन ते!"

टेकचंद पायरीवरून उठला. मंगरूजवळ आला. मग म्हणाला, "काकाजी, बकरी नव्हती ती. मीच बहिरा होतो." आणि लगेच, कारण त्याचा स्वभाव जाणार कुठे, "पण कवळीचे पैसे डाक्टरले वापस मागा."

सचिन अजून कवळी हातात धरून उभा होता. त्यानं ती रुमालात गुंडाळली, खिशात ठेवली आणि टेकचंदला म्हणाला, "बिदाईच्या वेळी गाडी बंद ठेवजो. बाबा वाजवतीन."

लग्न वैशाखात झालं. वरात धुमालनं गाजवली, करडीची पोरं घामाघूम होईस्तोवर नाचली. बिदाईची वेळ आली तेव्हा टेकचंदनं स्वतः भोंग्यांचं बटन दाबून बंद केलं. मांडवाच्या तोंडाशी मंगरू उभा राहिला, पांढरा सदरा, बसलेलं तोंड. जुन्या पार्टीतला एकच ढोलवाला आला होता, तो काठीनं हळू ठेका धरून होता.

सूर निघाला तसे शंभर फोन वर गेले. टीनाची मैत्रीण ओरडली, "कायले काढता? टाकला तर आवाज राहणार नाही. ऐका ना उभं राहून!" एकेक फोन खाली आला. माणसं हात बांधून ऐकू लागली. बाया पदर डोळ्यांना लावू लागल्या.

करडीकडचा एक म्हातारा सचिनजवळ सरकला. "रेकार्ड कुठं लावून राहिले?"

"रेकार्ड नाही जी," सचिन म्हणाला. त्याची मान ताठ होती. "माझा बाप आहे तो."

टीना गाडीत बसली, गाडी निघाली. तळ्याच्या पाळीपर्यंत गेली आणि थांबली. दार उघडून नवरदेवाची आई उतरली. तिनं तिथूनच हात हलवून ओरडून सांगितलं, "अंतरा राहिला जी! आमाले पुरा ऐकू द्या!" मागून टीना उतरली, डोळ्यात पाणी आणि तोंडभर हसू, शालू सावरत परत मांडवाकडे धावत आली.

मंगरूनं पत्ती पुन्हा ओली केली. एकोडीत त्या दिवशी एका पोरीची बिदाई दोनदा झाली, आणि दुसऱ्या वेळी कोणालाच घाई नव्हती.