शिसपेनीतलं नाव

"घ्या की काकू. ठरल्यापरमानं हाय," रेश्मा दारातूनच पाकीट पुढं करत म्हणाली.

मी हात मागं घेतला. मागच्या गल्लीतली ही पोर. तिची मुलगी नवव्या दिवशी गेली, बारसं झालंच नाही. मग पाळण्याचे पैसे कसले घ्यायचे?

बाळीवेशीत मी पन्नास वर्षं बारशाचे पाळणे लिहिते. आमचे हे चादरीच्या कारखान्यात होते तेव्हापासून. मोबदला म्हणजे खण, नारळ आणि ओंजळभर घुगऱ्या. माझी रीतही ठरलेली. ओळी शाईनं लिहायच्या, नावं शिसपेनीनं. बारसं झालं की नावं खोडायची आणि तोच पाळणा पुढच्या घरी. कुणाचा मामा केमचा, कुणाचा करकंबचा, एवढाच फरक. खोडून खोडून वहीचे कागद नावांच्या जागी पातळ झालेत.

दिवाळीत नात शिवानी पुण्याहून आली होती. म्हणाली, "आजी, फोटोवाला पैसे घेतो, आचारी घेतो. तूच खणावर गप बसतेस. पाचशे सांगत जा."

रेश्माला पाचशे सांगताना माझीच जीभ अडखळली. तेव्हा तिला आठवा महिना होता. हसून म्हणाली, "देते की. पण मग जुना चालायचा न्हाय, काकू. नवाकोरा पायजे."

बाळ पाच दिवसांचं असताना तिनं मला खोलीत बोलावलं. बाळाच्या कानात सांगायचं नाव आधी माझ्या कानात सांगितलं. "बारशापतूर कुणाला कळू देऊ नका."

घरी येऊन दोन दिवस वही घेऊन बसले. कितीतरी वर्षांनी नवं सुचत होतं.

मंद्रूपच्या शिवारात डुलतो शाळू,
मामा बिरप्पा हलवी पाळणा हळू.

आता तीच रेश्मा दारात उभी होती.

"राहू दे ग पोरी," मी म्हणाले. "म्हटलाच न्हाय तर पैसे कशाचे?"

ती उंबऱ्याशी बसली. "माझ्या नणंदेच्या पोराला म्हटलेला पाळणा तुमी मायाक्काच्या नातवालाबी म्हटला हुता. आमी लई हसलो हुतो."

मी कोनाड्यातली वही मांडीवर घेतली.

"फुकटचा असता तर मला बोलता आलं नसतं. पर ह्यो मी इकत घेतलाय. कुणाला द्यायचा न्हाय. नाव खोडायचं न्हाय." तिनं वहीकडं बोट दाखवलं. "दवाखान्याच्या कागदावर नुसतं 'बेबी ऑफ रेश्मा' हाय. तिचं नाव लिवलेलं फकस्त तुमच्या वहीत हाय."

"पान फाडून देऊ?"

"नगं. मी बघतच बसंन. तुमच्यापाशी असू द्या."

मी पाकीट घेतलं.

रात्री शिवानीचा फोन आला. तिला काही ठाऊक नव्हतं. "दिले ना पैसे? बघ, मी म्हटलं नव्हतं?" मी हो म्हटलं.

परवा चन्नप्पाची सून पाळणा मागायला आली. तिचं माहेरही मंद्रूपचंच. शाळूची ओळ तिला अगदी बसली असती. "नवा लिहून देते," मी म्हणाले.

ती गेल्यावर ते पान काढलं. नाव मी इथंही लिहिणार नाही. शिसपेनीची तीन अक्षरं होती. त्यांवरून शाईचं पेन सावकाश फिरवलं आणि वाळेपर्यंत वही उघडी ठेवली.