पाच दिवसांची तीज

फाट्यावर काळीपिवळीतून उतरताना ममताची चप्पल चिखलात रुतली ती निघेना. तिने ती उपसून काढली, दुसरीही पायातून काढून हातात घेतली आणि बॅग डोक्यावर ठेवून अनवाणीच तांड्याच्या वाटेला लागली. रात्रभर पुण्याहून ट्रॅव्हल्समध्ये बसून अंग आंबलं होतं. तरी तिला काही जड वाटत नव्हतं. सात वर्षांनी ती तीजेला माहेरी येत होती.

पुण्यात हिंजवडीच्या बाजूला तिची खानावळ होती. नवरा टेम्पो चालवायचा. कंपनीतली पोरं दोन्ही वेळा जेवायला यायची, त्यामुळे वर्षाकाठी कधी सुट्टी म्हणून नव्हती. पण श्रावण लागला की ममताची चिडचिड व्हायची. भाजीत मीठ जास्त पडायचं, पोरांवर ओरडायची. नवरा म्हणायचा, "तुझं डोकं तांड्यात गेलं." आणि ते खरंच गेलेलं असायचं. भावाची मुलगी वैष्णवी मोबाइलवर तीजेचे व्हिडिओ पाठवायची. वारुळाच्या मातीत गहू पेरलेल्या टोपल्या, विहिरीवरून पाणी घेऊन येणाऱ्या मुलींची रांग, त्यांची गाणी. कणीक मळलेल्या हातांनी ममता ते पुन्हा पुन्हा बघायची.

तीज कुवार मुलींची. लग्न झालं की बाईला टोपली पेरता येत नाही, फक्त बघता येते. नऊ दिवस मुली गव्हाला पाणी घालतात, सावलीत जपतात, म्हणून कोंब हिरवे न होता हळदीसारखे पिवळे वाढतात. नवव्या दिवशी तीज तोडायची, वडीलधाऱ्यांना त्यातले तुरे द्यायचे, उरलेली नाल्यात सोडायची. मग ज्या मुलीचं लग्न ठरलेलं असतं तिच्या गळ्यात पडून सगळ्या रडतात. दिवाळीनंतर वैष्णवीचं लग्न होतं. ही तिची शेवटची तीज. म्हणून ममताने खानावळीला कुलूप लावलं होतं. तीज रविवारी पेरली, म्हणजे सोमवारी तोडणार. आज गुरुवार. चार दिवस हातात होते.

तांडा गप्प होता. कुत्री भुंकली, तेवढंच. किसनसिंग नाईकाच्या दारात मांडव होता, त्याच्या वाशांना दोऱ्या लोंबत होत्या. टोपली मात्र एकही नव्हती. मांडवाखाली ममताची आई बसंतीबाई आणि म्हातारे नाईक असे दोघंच बसले होते.

"याडी, टोपल्या कुठी हायेत?" आईच्या पाया पडण्याआधीच ममताने विचारलं.

"दिग्रसले गेल्या," बसंतीबाई म्हणाली. "पोट्ट्या बी गेल्या. आज तोडून राह्यले तीज."

"आज? आज तं पाचवा दिवस हाये."

"तिथी मोठा पाहुणा येऊन राह्यला. त्याले आजच जमते म्हणे."

ममताने नाईकाकडे पाहिलं. तीज पेरायची असली की मुली आधी तांड्याच्या नाईकाच्या दारी येतात, परवानगी मागतात, मगच गहू भिजवतात. तिनेही मागितली होती. तेव्हा ह्याच किसनसिंगने मिशीवरून हात फिरवत मुलींना उगाच ताटकळत ठेवलं होतं आणि मग हसून हो म्हटलं होतं.

"काका, तुमी हो म्हटलं?"

"मले कोणी इचारलं नाही, बाई. सांगतलं." म्हातारा जमिनीकडे बघत म्हणाला. "तुह्या भावानंच टेम्पो आणला."

ममताने बॅग तिथेच टाकली. आई म्हणाली, चहा तरी घे, एवढ्या दुरून आली. ती पाणीसुद्धा प्यायली नाही. चप्पल नाल्यात खंगाळली, पायात घातली आणि आलेल्या वाटेने परत निघाली. चिखल तुडवताना ती मोठ्याने बोलत होती. शेजारच्या कपाशीत निंदणाऱ्या बायांनी मान वर करून पाहिलं, एवढ्या मोठ्याने.

दिग्रसला एका मैदानावर मंडप होता. कमानीवर पाहुण्याचा हात जोडलेला फोटो, त्याखाली 'भव्य तीज महोत्सव'. आजूबाजूच्या कितीतरी तांड्यांच्या मुली खुर्च्यांवर बसल्या होत्या. सगळ्यांच्या अंगावर एकाच दुकानातून भाड्याने आणलेले चमकीचे घागरे होते, गुलाबी आणि पोपटी. आरसे नव्हते, कवड्या नव्हत्या, हाताचा टाका नव्हता. आरशांच्या जागी कागदी टिकल्या चिकटवल्या होत्या आणि घामाने त्या सुटून मुलींच्या हातांवर लागल्या होत्या.

टोपल्या स्टेजवर होत्या. मोठाल्या दिव्यांच्या पुढे, पायऱ्या पायऱ्यांनी मांडलेल्या. ममता जवळ जाऊन बघते तर कोंब जेमतेम बोटभर वाढलेले आणि उष्णतेने अर्धे आडवे झालेले. जी तीज मुली उन्हाची तिरीप लागू देत नाहीत ती तिथे भाजत होती.

पूनमसिंग, तिचा भाऊ, स्टेजच्या बाजूला बिल्ला लावून उभा होता. बहिणीला बघून त्याचा चेहरा आधी खुलला, मग उतरला.

"कधी आली?"

"तू टेम्पो आणला?"

"ममता, इथी नोको."

"तीज कोणाची हाये रे? तुही हाये का? पाच दिवसांत तोडाले तुले कोणी सांगतलं? बापू असता तं तुह्या पाठीत लाकूड घातलं असतं त्यानं."

पूनमसिंगला राग आला की तो असा बोलायचा, जसं काही सरकारी कचेरीत भांडतो आहे. आताही तो तसाच बोलला, दातांवर दात ठेवून.

"रस्ता कोण देऊन राह्यला आमाले? पुण्याहून तू देतं का? मागच्या पावसाळ्यात लीलाबाईच्या सुनेले बाजेवर टाकून फाट्यापर्यंत नेलं. वाटेतच बाळंत झाली. पोरगं वाचलं नाही. तुले माहीत हाये का? ह्या माणसानं सांगतलं, पोट्ट्या घेऊन या, रस्त्याचं बोलतो. म्हून आणल्या. हजारदा आणीन."

ममताला लीलाबाईच्या सुनेचं ठाऊक नव्हतं. पण राग अर्ध्या वाटेवरून परत फिरत नाही. "मंग रस्त्यासाठी तू नाच तिथी चमकीचा घागरा घालून," ती म्हणाली. "पोरीले कायले बसवलं?"

तेवढ्यात माइकवरचा माणूस मुलींना समजावू लागला. जाकीट घातलेला, गोड आवाजाचा. साहेब दहा मिनिटांत पोचतील. साहेबांच्या हस्ते तीज तोडली जाईल. त्यानंतर रडण्याचा कार्यक्रम. "मुलींनो, तुमच्या परंपरेप्रमाणे एकमेकींच्या गळ्यात पडायचं आणि रडायचं. कॅमेरा उजवीकडे आहे, तर चेहरे उजवीकडे ठेवा. एकदा करून बघू या का?"

काही मुली उठल्या. लाजत, हसू दाबत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. "आवाज येऊ द्या थोडा," माइकवाला म्हणाला.

ममता स्टेजवर कधी चढली ते तिलाही समजलं नाही. तिने त्या माणसाच्या हातातून माइक घेतला नाही. ती सरळ टोपल्यांकडे गेली आणि दिव्यापासून एकेक ओढून मागे सारू लागली. दोन कार्यकर्ते धावले. "बाई, बाई, काय करता." तिने एकाला कोपराने ढकललं. हाताला येईल ती टोपली उचलून ती मागच्या पडद्याआड नेऊ लागली.

"आत्या, ठिव ते खाली."

वैष्णवी समोर उभी होती. पोपटी घागरा, ओठांना लाली, गालावर टिकली चिकटलेली. ममताने तिला सात वर्षांत मोबाइलवरच पाहिलं होतं. केवढी उंच झाली होती.

"चाल घरी," ममता म्हणाली. "हे तीज नाही. तमाशा हाये."

"ठिव म्हणतो ना. माही टोपली हाये ते."

दोघी पडद्यामागे गेल्या. वैष्णवीने टोपली तिच्या हातातून घेतली आणि सावलीत ठेवली. मग ती वळली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि म्हणून ममताला तो जास्त लागला.

"तुले राग आला. मले आला नसन का? मी पेरली, मी पाणी घातलं. माहा बापू म्हणाला रस्ता होईन, म्हून मी आली. तू कोण आमाले तमाशा म्हणणारी? दरसाल म्या तुले व्हिडिओ पाठवले, तू मोबाइलवर लाल बदाम पाठवले. तुही याडी पडली, कंबर मोडली, तेव्हा बी तू बदाम पाठवला."

"माह्या मागं खानावळ—"

"मालूम हाये खानावळ. मंग आता बोलू नोको. अन् हा घागरा बघून नाक मुरडून राह्यली ना तू? तुह्या याडीनं शिवलेला फेटिया, कांचळी, ते आरशाची ओढणी, सारं तू पुण्याले घेऊन गेलती. आठवण म्हून. भिंतीवर काचेत लावलं तू ते. फोटोत पाह्यलं म्या. आमी काय घालाचं? लग्नात मी काय घालू? माह्यासाठी ते कोणी शिवलं नाही, शिवणारे हात आता कोणाचे राह्यले?"

त्या काचेसमोर उभी राहून ममता खानावळीतल्या पोरांना सांगायची, हे आमच्या आईने स्वतः शिवलंय, दोन वर्षं लागली. पोरं फोटो काढायची. तिला त्या गोष्टीचा अभिमान होता. आता तिला स्वतःच्या कानशिलात मारावंसं वाटत होतं आणि तरी ह्या पोरीवरचाही राग जात नव्हता. पडद्यापलीकडे एवढ्या मुली असताना आत्याला असं बोलावं का. खरं होतं म्हणून काय झालं.

बाहेर फटाके वाजले. पाहुणा आला. वैष्णवी पडद्याबाहेर जाऊन मुलींत उभी राहिली.

पुढचं ममताने पडद्याच्या कडेने पाहिलं. हार झाले, शाल झाली. पाहुण्याने एका टोपलीतले चार कोंब चिमटीने उपटले, कॅमेऱ्याकडे पाहून डोक्याला लावले. मग माइकवाला म्हणाला, "आणि आता आपल्या भगिनी साश्रू नयनांनी तीजेला निरोप देतील." मुली उभ्या राहिल्या. एकीने दुसरीकडे पाहिलं. कोणीच पुढे झालं नाही. माइकवाल्याने परत सांगितलं, अजून गोड आवाजात. सगळ्या वैष्णवीकडे बघत होत्या, कारण निदान तिच्या तांड्यापुरतं रडायचं होतं ते तिच्या गळ्यात पडून.

वैष्णवी माइकपाशी गेली. ओठांवरची लाली तिने पुसली होती, हनुवटीपर्यंत पसरली होती ती.

"साहेब," ती शुद्ध मराठीत म्हणाली, कॉलेजात बोलतात तशी, "आमची तीज अजून मोठी झालेली नाही. चार दिवस बाकी आहेत. म्हणून आज आम्हाला रडता येणार नाही. तुम्ही आमच्या रस्त्याचं बोलणार होता. ते ऐकायला आम्ही आलो आहोत."

पूनमसिंगने कपाळाला हात लावला. पाहुणा हसला, म्हणाला, मुलगी हुशार आहे, अशाच मुली समाजाला पुढे नेतात, रस्त्याचं आपण नक्की बघू. आणि घड्याळाकडे पाहून उठला. त्याच्यामागे गाड्या गेल्या, गाड्यांच्या मागे कार्यकर्ते. दिवे विझले. मुलींनी आपापल्या टोपल्या शोधून काढल्या.

मुली टोपल्या मांडीवर घेऊन परतीच्या टेम्पोत बसल्या. पूनमसिंग ड्रायव्हरशेजारी बसला होता. फाट्यावर उतरल्यावर तो मुलीला एवढंच म्हणाला, "गेला रस्ता." वैष्णवी म्हणाली, "येणार होता कधी?" त्याने तिला मारायला हात उचलला. ममताने तो मधेच धरला, आणि मग त्या चिखलात भाऊ-बहीण असे कडाकडा भांडले की मुली टोपल्या डोक्यावर घेऊन पुढे निघून गेल्या. बाजेवर नेलेल्या बाईचं सांगताना पूनमसिंगचा आवाज फाटला. तेव्हा बाजेचा एक पाय त्याच्याच खांद्यावर होता. ममताने त्याचा हात सोडला. पण माफ केलं नाही.

ती चार दिवस राहिली. पुण्याहून फोन येत होते, ती उचलत नव्हती. टोपल्या परत मांडवात टांगल्या गेल्या. बऱ्याच कोंबांनी मान टाकलेली होती ती टाकलीच. जे जगले ते वाढले, पण ठिकठिकाणी माती दिसत राहिली. वैष्णवी रोज पाणी घालताना तिच्यासमोरून जायची, जेवायला वाढायची, पण बोलायची कामापुरतं. एकदा पहाटे विहिरीवर जाताना मुलींच्या गाण्यात तिने सूर मिसळला, तर वैष्णवी गायची थांबली.

सोमवारी तीज तोडली. किसनसिंग नाईकाला पहिला तुरा दिला, त्याने तो पागोट्यात खोचला. नाल्याला भरपूर पाणी होतं. टोपल्या रित्या झाल्या आणि मुली वैष्णवीच्या गळ्यात पडल्या, आणि तो रडण्याचा आवाज असा उठला की नाल्यापलीकडची गुरं बावरली. बसंतीबाई काठीवर रेलून रडत होती. पूनमसिंग पाठ फिरवून उभा होता, त्याची पाठ हलत होती. ममताला रडू येत नव्हतं. रडण्यासाठीच एवढ्या दुरून आली होती ती. छातीत नुसता एक दगड होता. कमानीवरच्या त्या फोटोचा, माइकवाल्याचा, भावाचा, स्वतःचा राग, सगळा मिळून एकच.

डोळे पुसत वैष्णवी तिच्यापाशी आली. तिच्या हातात पिवळ्या कोंबांचा तुरा होता, वडीलधाऱ्यांना देतात तो.

"घे," ती म्हणाली. "मी तुह्यावर अजून रागात हाये."

"मी बी," ममता म्हणाली.

तिने तुरा घेतला आणि केसांत खोचला. मग पदराने पोरीच्या गालावरचा चिखल पुसू लागली, जरा जोरातच, लहानपणी पुसायची तसा. वैष्णवी मान हलवून म्हणाली, लागते ना आत्या, पण बाजूला झाली नाही.