रडणारी गाडी

इमारतीच्या वाहनतळात रांग लागली होती. कुणाच्या हातात वाटी, कुणाच्या पेला. महाराजांच्या पांढऱ्या गाडीखालून हिरवं पाणी टपटपत होतं, आणि ते चक्क गोड होतं!

"या गाडीनं कधी गॅरेजचं तोंड पाहिलेलं नाही," महाराज सांगत होते. "कृपेवर चालते. तुमची दुखणी पाहून रडते बिचारी. घोटभर घ्या, ताप पळालाच म्हणून समजा!"

जन्मभर विज्ञान शिकवलं मी. रांगेत निम्मे माझेच विद्यार्थी. कुणाकुणाचा कान धरणार?

तेवढ्यात माझी सूनच रांगेतून बाहेर आली. वाटी भरलेली. घरी नातवाचा ताप उतरत नव्हता.

"आई, आता अडवू नका. तुमच्या त्या डॉक्टरांच्या औषधानं काय दिवे लावले?"

थोरली नात वाटीत डोकावली. "अगं आई, हे तर बाबा गाडीत घालतात! त्या डब्यावर कवटीचं चित्र आहे. हो ना गं आजी?"

"बॉनेट उघडून बघू या," मी म्हटलं.

"यंत्राला हात लावाल तर कोप होईल!" महाराज गरजले.

"काही होत नाही," म्हणत त्यांच्या ड्रायव्हरनेच बॉनेट उघडलं. आत रबरी पाइपला चीर गेली होती. तिथूनच धार लागली होती. "रोज सकाळी मीच कूलंट भरतो. पाइप बदलू म्हटलं, तर म्हणाले, राहू दे, लोक येतायत."

"कूलंट इंजिन थंड ठेवतं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "गोड लागतं, पण विष आहे. मूत्रपिंडं निकामी होतात. ज्यांनी घेतलंय, त्यांनी आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. आणि वाट्या जमिनीवर ओतू नका, कुत्री चाटतील."

सुनेनं वाटी अंगापासून लांब धरली. "आई, मी आत्ता पाजणार होते हो त्याला."

"पाजलं नाहीस ना? मग दे ती वाटी इकडे. आणि त्याला घे, डॉक्टरांना पुन्हा दाखवू."

दमले मी हे सांगून सांगून, तरी पुन्हा सांगते. गाडी गळू लागली तर तिच्यापुढे वाटी धरू नका, पाइप बदला. अधूनमधून बॉनेट उघडून पाहायला कुणाची कृपा लागत नाही. आणि कुणी म्हणालं, 'उघडू नका', तर आधी तेच उघडा.